चंद्रीचं बटण

‘बटण दाबा, बाई हजर’ हे नाटक ज्यांनी पाहिलं नाही, त्यांचं काही अडलं नाही. पण नाटक चाललं होतं, हाऊसफुल्लची पाटी लावून चाललं होतं, हे मान्य करायला हवं. गोष्ट दोन ओळींची. दादरच्या एका फ्लॅटमधल्या नवरा-बायकोला कामवाली मिळत नाही, म्हणून नवरा एक रोबो विकत आणतो. रोबो म्हणजे बाईच. नऊवारी लुगडं, तोंडाला चंदेरी रंग, नाव चंद्री, आणि ब्लाउजच्या पाठीवर भलंमोठं लाल बटण. नवऱ्यानं ते दाबलं की चंद्री चालू, पुन्हा दाबलं की बंद. बोलताबोलता बंद, वाकल्याजागी बंद, तोंड उघडं असेल तर उघडंच. एवढ्या भांडवलावर दोन अंक निघत होते आणि लोक पोट धरून हसत होते.

चंद्रीचं काम करायची दीपिका. भोईवाड्यातल्या चाळीत वाढलेली मुलगी. शाळेच्या बालनाट्यात ती झाड झाली होती, आणि झाड होऊनही लोक तिच्याकडेच बघत होते, तेव्हापासून तिला या वेडानं धरलं. कॉलेजात एकांकिका झाल्या, ढाली मिळाल्या, त्या आईनं टीव्हीवर मांडून ठेवल्या. पण ढालींनी व्यावसायिक नाटकाचं दार उघडत नाही. ते उघडलं चंद्रीनं. जाहिरातीत तिचं नाव सगळ्यात खाली आणि सगळ्यात बारीक यायचं, तरी ते कात्रण तिनं जपून ठेवलं होतं.

नाटक लिहिलं आणि बसवलं ऋतानं. ऋता शिकलेली, वाचलेली, बोलणं अगदी स्वच्छ. पहिल्याच तालमीत तिनं दीपिकाला समोर बसवून सांगितलं होतं, “हे बघ, सिनेमात काय, मालिकेत काय, रोबो दोनच प्रकारचे असतात. एक मोलकरीण आणि एक राक्षस. सांगितलं ते करतो तोपर्यंत मोलकरीण. उलट बोलला की डोळे लाल, मग तो माणसांचे गळे धरतो आणि शेवटी त्याला मारावं लागतं. तिसरा प्रकार प्रेक्षकांना माहीतच नाही. आपलं नाटक विनोदी आहे, म्हणून आपल्याला मोलकरीण हवी.”

दीपिकानं मान हलवली. नवीन मुलीनं दुसरं काय करायचं? मग तिनं लहानपणापासून पडद्यावर बघितलेला रोबो करून दाखवला. सांधे धरल्यासारखे हात, डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा आवाज. ऋताला तो पसंत पडला नाही. “हे सगळेच करतात. मला खरी बाई हवी. इतकी वर्षं तेच तेच काम करून जी आपोआप हलायला लागली आहे, अशी.”

आणि दीपिकाच्या अंगानं तिला न विचारताच ते करून टाकलं. कंबरेवर हात ठेवून उठायचं. ओले हात पदराला एकदा पुढून, एकदा मागून पुसायचे. “हां ताई, झालंच ताई,” म्हणताना मान जराशी डावीकडे टाकायची. तालमीचा हॉल हसून लोळायला लागला. ऋतानं टाळ्या वाजवल्या आणि हे कुठून आणलंस असं कुणी विचारलं नाही. दीपिकानंही सांगितलं नाही. तिची आई मीराबाई हिंदू कॉलनीत तीन घरची धुणीभांडी करायची, हे त्या हॉलमध्ये कुणाला माहीत नव्हतं.

नवऱ्याचं काम करायचे हितेंद्र. टीव्हीवर रोज दिसणारा चेहरा, त्यामुळे जाहिरातीत त्यांचं नाव नाटकाच्या नावापेक्षा मोठं. आता नाटकात ॲडिशन म्हणून एक प्रकार असतो. लेखकानं न लिहिलेलं काहीतरी नट ऐन प्रयोगात करतो, आणि त्याला हशा आला की ते कायमचं होऊन बसतं. ॲडिशन घ्यायचा हक्क अर्थात मोठ्या नावाच्या माणसाचा. बाकीच्यांनी लिहिलेलं बोलायचं आणि सरांना सांभाळून घ्यायचं. हितेंद्रसर दर प्रयोगाला ॲडिशन घ्यायचे आणि ती दीपिकाच्या अंगावरच यायची. आधी बटण बोटानं दाबलं जायचं. मग कोपर आलं, मग झाडूचा दांडा आला, आणि साताऱ्याच्या प्रयोगाला चप्पल आली. चपलेला टाळी पडली, त्यामुळे चप्पल कायम झाली.

लागत नव्हती म्हणा ती. हितेंद्रसर जुने खेळाडू, मारल्यासारखं दाखवून हलकेच टेकवायचे. दीपिका स्वतःची अशीच समजूत घालायची. लागत नाही ना, मग झालं तर.

मीराबाई नाटकाला येते म्हणायची आणि दीपिका पुढे ढकलायची. आज तिकिटं नाहीत, उद्या प्रयोग लांब आहे. शेवटी निर्मात्यांनीच घोटाळा केला. निर्माते बाबुराव लालबागचे, मूळचे मालवणकडचे, मनानं मऊ आणि व्यवहारात घट्ट. दादरच्या प्रयोगाला त्यांनी स्वतः पास काढून दिला, तोही पहिल्या रांगेतला. “आवशीक घेऊन ये गो,” ते म्हणाले. मग नाही कसं म्हणणार?

मीराबाई पांढरी साडी नेसून, केसांत गजरा माळून आली. पहिल्या अंकात चंद्री कंबरेवर हात ठेवून उठली आणि सभागृहात हशा उसळला. रंगमंचावरून पहिली रांग स्पष्ट दिसते, इतर रांगा अंधारात जातात. सगळी रांग पुढेमागे हलत होती आणि मधोमध एकच बाई ताठ बसली होती. पुढे चप्पल आली. दीपिका ठरल्याप्रमाणे तोंड उघडं ठेवून गोठली. गोठल्यावर डोळे हलवायचे नसतात, त्यामुळे नजर जिथे होती तिथेच राहिली, आणि नेमकी ती आईवर होती.

प्रयोग संपल्यावर मायलेकी चालत निघाल्या. मीराबाई टिळक ब्रिज चढून वर आल्यावर म्हणाली, “ते हात पुसणं माझं होतं.”

दीपिकाची चाल मंदावली.

“उठणं पण माझं. ताई ताई करायचं ते पण.”

“आई, मी मुद्दाम नाही गं घेतलं.”

“मुद्दाम घेतलं तर काय झालं? आईचं लेकीनं नाही घ्यायचं, तर काय शेजारणीनं? चांगलं करतेस. मला वाटलं आरशातच बघते.” मीराबाईनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. “पण अर्धंच घेतलंस.”

“अर्धं म्हणजे?”

“त्या कोपऱ्यावरच्या बिल्डिंगमधल्या बाईनं मला कप वेगळा दिला होता. सेटमधलाच, पण बुडाला नेलपॉलिशचा ठिपका. मी काय केलं?”

ही गोष्ट चाळीत सगळ्यांना पाठ होती. दीपिकानं ती लहानपणापासून ऐकली होती. “ठिपका घासून काढलास.”

“कशानं?”

“तारेच्या घासणीनं.”

“मग?”

“त्यांच्या कपांत मिसळून ठेवलास. आणि बाईला म्हणालीस, आता माझा कुठला ते शोधा.”

“मग ते कुठंय तुझ्या नाटकात?” मीराबाई थांबली. आवाज चढला नव्हता तिचा, आणि तेच जास्त लागत होतं. “लोक हसले त्याचं मला काही नाही, लोक हसतातच. पण मला आजवर कुणी चपलेनं गप्प केलेलं नाही, दिपे. एकानंही नाही. आणि तू ते रोज करून घेतेस, माझं अंग घालून.”

दीपिकाला लाज वाटली, भयंकर लाज वाटली. पण ती नुसती लाजेवर भागवणारी मुलगी नव्हती. घर येईपर्यंत लाजेचा संताप झाला होता, आणि तो पहिल्यांदा स्वतःवर आणि मग बाकी सगळ्यांवर होता.

पुढचा प्रयोग गिरगावात होता. दीपिका लवकर गेली आणि तिनं रंगपटात ऋताला गाठलं. “ऋताताई, चंद्रीला एक वाक्य द्या. एकदाच उलट बोलू दे तिला.”

“मी सांगितलं होतं ना तुला? उलट बोलली की ती राक्षस होते. लोक घाबरतात.”

“माझी आई घरकाम करते. ती रोज उलट बोलते. तिनं कुणाचा गळा धरला नाही अजून.”

चंद्री कुठून आली ते ऋताला आत्ता कळलं. वाईट बाई नव्हती ती. बराच वेळ ती स्वतःच्या संहितेची पानं चाळत राहिली आणि मग म्हणाली, “मला पटतंय गं. पण हितेंद्र ऐकणार नाही.”

हितेंद्रसर आरशासमोर मिशी चिकटवत होते. त्यांनी मान न वळवता सांगितलं, “ॲडिशन मी घेतो. तू फक्त बंद पडायचं काम नीट कर.” आणि आरशातल्या आरशात तिच्याकडे बघून प्रेमानं हसले.

पहिल्या अंकाच्या शेवटाकडे भांड्यांचा प्रसंग होता. चंद्री भांडी घासताना बडबड करते, नवऱ्याला फोनवर बोलायचं असतं, तो चप्पल काढतो, बटण दाबतो, चंद्री वाकलेलीच गोठते. हितेंद्रसरांनी चप्पल टेकवली. लोक हसायला लागले.

चंद्री गोठली नाही. ती कंबरेवर हात ठेवून सावकाश उठली.

हितेंद्रसरांना वाटलं, पोरीला चप्पल कळली नाही. त्यांनी पुन्हा दाबली. चंद्री वळली आणि म्हणाली, “किती वेळा दाबताय मालक? ऐकू येतंय मला.”

हशा फुटला, नेहमीपेक्षा मोठा. हितेंद्रसरांचं तोंड हसत होतं, डोळे नव्हते हसत. तिसऱ्यांदा त्यांनी हात चांगला उगारला. दीपिकानं चप्पल वरच्यावर धरली, त्यांच्या हातातून काढून घेतली आणि वाकून त्यांच्या पायापाशी ठेवली. “पायातली आहे, पायात घाला.”

आता कुणी हसलं नाही. पण हितेंद्रसर उगाच एवढे मोठे झाले नव्हते. “अरे देवा, चंद्रीच्या डोक्यात व्हायरस शिरला!” ते ओरडले. “लाल लाइट द्या रे!” लाइटवाल्यानं सवयीनं हुकूम पाळला आणि रंगमंच लालेलाल झाला. पुढचं सगळ्यांना ठाऊक होतं, सिनेमानं पढवून ठेवलेलं होतं. आता ही हात पुढे करणार, गळा धरणार. पहिल्या रांगेतल्या एका बाईनं पर्स छातीशी घेतली. हितेंद्रसर तर आपलाच गळा आपल्या हातांनी धरून तयार उभे राहिले.

दीपिका त्या लाल उजेडात ओल्या हातांनी उभी होती. “घाबरू नका,” ती म्हणाली. “गळे धरायला मला वेळ नाही. अजून दोन घरं बाकी आहेत.”

आणि ती रंगमंचाच्या पायऱ्या उतरली, प्रेक्षकांमधून चालत मागच्या दारानं बाहेर पडली. सभागृह फुटल्यासारखं हसलं. स्वतःचा गळा धरून उभा असलेला माणूस एकटाच राहिला होता, आणि लोक त्याला हसत होते. पडदा पाडावा लागला.

मध्यंतरात बटाटेवड्यांच्या काउंटरशेजारी चंदेरी तोंडाची चंद्री उभी होती. माणसं तिच्याकडे बघत होती, जवळ यायला कचरत होती. नाटकाच्या धंद्यात घरात मयत असली तरी तोंडाला रंग लावून उभं राहायचं, असं अभिमानानं सांगतात. चालू प्रसंगातून निघून जाणं हे तिथे पाप आहे, आणि ते आपण केलं, हे दीपिकाला पक्कं ठाऊक होतं.

बाबुराव धावतच आले, मागोमाग ऋता. “ह्या काय केलंस गो?” पण त्यांच्या तोंडावर नुसता राग नव्हता. त्यांनी तिला बाजूला घेतलं. “ऐक. पब्लिक येडा झाला. सर तापलेत, त्यांना मी बघतो. ही ॲडिशन आपण ठेवूया. रोज करायची. फक्त दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला सर तुला दोरीनं बांधून ओढत आणतील, बटण दाबतील, तू बंद. मग पुढचं नाटक जसंच्या तसं. राक्षस मेला की लोक सुखानं घरी जातात.”

मोह झाला तिला, खोटं कशाला बोला. पहिल्याच नाटकात स्वतःची ॲडिशन कायम व्हायची, हे भाग्य किती जणांना मिळतं? पण दोरी म्हटल्यावर तिला आईची ताठ मान दिसली.

“ओढत नाही आणायचं, काका.”

“मग येशील कशी?”

“माझी मी येईन. चालत.”

“आणि बटण?”

“बटण नाही.”

बाबुरावांनी सुस्कारा सोडला. “मग हा तुझा शेवटचा प्रयोग. दुसरी पोरगी उभी करतो. आणि तुला धमकी देत नाय, पण या लाइनीत गोष्ट लपत नाय. काम मिळताना जड जाईल.”

ते खरं बोलत होते. दीपिकाला रडू आलं. गालावरचा चंदेरी रंग ओघळला आणि तिनं तो मनगटानं पुसला, तसा आणखी फासला गेला. झाड झाल्या दिवसापासून तिला दुसरं काहीही व्हायचं नव्हतं. “शेवटचा तर शेवटचा,” ती म्हणाली. “पण हा पुरा करणार. लोकांनी तिकिटं काढलीत. मी प्रयोग टाकत नाही.”

बाबुराव हितेंद्रसरांची समजूत काढायला आत पळाले. दीपिकानं पाठीमागे हात नेला. वरून नेला, खालून नेला. बटण खुबीनं शिवलं होतं. जिच्या पाठीवर ते होतं तिचाच हात तिथवर पोचत नव्हता.

“ताई, माझा हात पुरत नाही,” ती ऋताला म्हणाली.

बटणाची कल्पना ऋताची, रंगही तिनंच निवडलेला. मग दोन्ही हातांनी धरून तिनं बटण उपटलं. ब्लाउज थोडा फाटला आणि दोरे लोंबत राहिले.

“आत गेल्यावर काय बोलणार आहेस?” ऋतानं विचारलं.

“माहीत नाही.”

“मग मीही संहिता बंद करून बसते,” ऋता म्हणाली आणि विंगेकडे गेली.

तिसरी घंटा झाली. पडदा उघडला तेव्हा हितेंद्रसर खांद्यावर दोरी टाकून विंगेकडे बघत उभे होते. चंद्री आली ती उलट्या बाजूनं, प्रेक्षकांच्या दारातून. मधल्या वाटेनं आली, पायऱ्या चढली आणि त्यांच्यासमोर थांबली. सरांनी दोरी खाली टाकली. चेहऱ्यावर ते ओळखीचं हसू आणलं, प्रेक्षकांना डोळा मारला आणि बोट उंचावून तिच्या पाठीमागे गेले.

दीपिकानं पाठ मुद्दाम लोकांकडे केली. फाटलेला ब्लाउज आणि लोंबणारे दोरे शेवटच्या रांगेपर्यंत दिसले. सरांचं बोट हवेतच राहिलं. कुणी अडलं की विंगेतून ऋता वाक्य पुरवायची, म्हणून त्यांनी तिच्याकडे बघितलं. ऋतानं मिटलेली संहिता मांडीवर ठेवली होती. इतक्या वर्षांत त्या माणसाला रंगमंचावर वाक्य सुचलं नाही असं झालं नव्हतं, ते त्या दिवशी झालं.

“बोला मालक,” चंद्री म्हणाली.

“चहा... चहा कर.”

“असं नाही.”

हितेंद्रसरांनी बोट खाली घेतलं. समोर भरलेलं सभागृह होतं आणि बटण कुठेच नव्हतं.

“चंद्री,” ते हळू म्हणाले, “चहा करशील का?”

“बघते,” चंद्री म्हणाली आणि सोफ्यावर बसली.